आर्ट थेरपीकडं वळायचंय? आधी कुलपाचं कपाट, मग कोर्सची फी

बेळगावातल्या ओळखीच्या दोघी-तिघी विचारायल्यात, नोकरी सोडून आर्ट थेरपीत, म्हणजे चित्रं आणि मातीकामातून मनाचा त्रास हलका करायच्या कामात, यायचंय, पोरं लहान आहेत, तयारी काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. क्रम माझा आहे, कुणाला उलटा वाटेल, पण पहिली वस्तू म्हणजे कुलपाचं लोखंडी कपाट. रंग नाही, कोर्स नाही, दारावरचा बोर्ड तर नाहीच. क्लायंटची, म्हणजे आपल्याकडं थेरपीला येणाऱ्या पोरांची, चित्रं ठेवायला कपाट, आणि त्याची चावी घरात फक्त तुमच्याकडं. मी पहिल्या वेळी बाकीचं बहुतेक सगळं केलं आणि हे राहिलं, आणि त्यापायी सुरू झालेलं काम बंद करून परत पहिल्यापासून मांडावं लागलं. म्हणून खाली ते परत परत येणार आहे, वाचून सोडून देऊ नका.

पैशाचं तुम्हाला कळतं. वर्षभराची शाळेची फी आणि घराचा हप्ता बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नको, बास.

कोर्सचं मात्र नीट बघा, कारण इथं लोक फसतात. ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट हे नाव कायद्यानं राखीव आहे, मास्टर्स करून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडं नोंदणी केल्याशिवाय ते लावताच येत नाही. आपल्याकडं आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, रजिस्टरमध्ये आर्ट थेरपिस्ट असा वर्गच नाही, त्यामुळं कोणीही दोन दिवसांचं वर्कशॉप करून सर्टिफिकेट फ्रेम करून लावतंय. तुम्ही लावू नका. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत मूव्हमेंट थेरपिस्टच्या ओळीत आर्ट थेरपीचं नाव आलेलं आहे, म्हणजे पुढंमागं नोंदणी मागतील असं धरूनच चाला आणि मार्कलिस्ट, क्लायंटबरोबरच्या तासांचा हिशेब, सुपरव्हायझरच्या (आपलं काम तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टच्या) सह्या हे पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत जा. नंतर गोळा करू म्हटलं तर होत नाही.

बऱ्याच जणी म्हणतात, इग्नूतून एमए सायकॉलॉजी करते, पोरं सांभाळून तेवढंच जमतं. ते दार आता बंद आहे. यूजीसीनं 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन द्यायला मनाई केलीय, तरी कोण अ‍ॅडमिशन करून देतो म्हणत असेल तर एक रुपया देऊ नका. मग राहतं रेग्युलर, म्हणजे आपल्याला जवळचं धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, नाहीतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. धारवाड रोज जाऊन-येऊन करता येतं, पण शाळेची व्हॅन चारला दारात आली की पोराला उतरवून घेणार कोण याचं उत्तर अ‍ॅडमिशनच्या आधी पाहिजे. आर्ट थेरपीचे, एक्स्प्रेसिव्ह आर्ट्सचे (चित्र, नाच, गाणं, नाटक मिळून) डिप्लोमा मिळतात ते मुंबई-पुणे-बेंगळुरूकडं. तिथं दोनच प्रश्न विचारा, प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास बसायला मिळणार आणि माझं काम तपासणार कोण. यावर गोलगोल बोलायला लागले की फोन ठेवा.

घरातली मदत लिहून घ्या. ‘करू की’ म्हणजे काही ठरलं असं नसतं, मंगळवारी दुपारी कोण आणि शनिवारी सकाळी कोण, डबा कोणाचा, ट्यूशनला सोडणार कोण, असं वारानुसार फ्रिजवर लावा. बेंगळुरूच्या डिप्लोमाला हजर राहायच्या कॉन्टॅक्ट क्लासला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं, पण परत आल्यावरचा दिवसही हातात धरा, त्या दिवशी क्लायंट घेऊ नका, डोकं जागेवर नसतं. आणि स्वतःच्या पोरांवर प्रॅक्टिस करायची नाही. त्यांनी चित्र काढलं की छान म्हणायचं आणि सोडून द्यायचं, त्यात काय दडलंय ते बघत बसू नका, त्यांना आई पाहिजे असते.

नातेवाईक विचारणार, चित्र काढून कोण बरं होतंय काय. भांडू नका, सांगा की ही काल निघालेली फॅशन नाही, एड्रियन हिल नावाच्या ब्रिटिश चित्रकारानं 1942 मध्ये आर्ट थेरपी हे नाव दिलं, तो स्वतः टीबीच्या सॅनेटोरियममध्ये पडून असताना चित्रं काढायचा आणि मग बाकीच्या पेशंटना काढायला लावायला लागला. एवढं सांगितलं की निम्मे गप्प होतात. उरलेल्यांना वेळ देत बसू नका.

आता परत कपाट. माझ्याकडं काय झालं ते थोडक्यात सांगते. चित्रं हॉलमधल्या दिवाणाखाली फाइलीत होती, मागच्या बाजूला पेन्सिलनं क्लायंट पोरांची नावं. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी लहान पोराला नाचवता नाचवता फाइल ओढली, नाव वाचलं, पोरगं त्यांच्याच गल्लीतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन, आता येणार नाही. तिचं बरोबरच होतं. बेळगाव एवढंसं आहे, शहापुरातल्या पोराची गोष्ट संध्याकाळपर्यंत वडगावात पोचते, निपाणी-खानापूरसारख्या लहान गावात तर गोष्ट त्याहून लवकर फिरते. पोराला थेरपीला नेतात हे कळलं की लोक काय म्हणतील या भीतीनंच आया आधी वर्ष-वर्ष येत नाहीत, आणि आल्यावर आपण त्यांच्या पोराचं मन दिवाणाखाली ठेवायचं हे चालत नाही.

तर कपाट कसं पाहिजे, तेही सांगते. हाफ इम्पिरियल कागद 15 बाय 22 इंच असतो, तो न दुमडता, न गुंडाळता आडवा बसला पाहिजे, म्हणून दुकानात टेप घेऊन जा आणि कप्पा मोजा. ओलं चित्र लगेच आत जात नाही, मातीचं काम तर दोन-तीन दिवस वाळतं, तेव्हा ते वाळेपर्यंत खोलीलाच कुलूप, टेरेसवर वाळत घालायचं नाही, शेजारीण बघते. चित्रामागं नाव नाही, फक्त नंबर आणि तारीख, आणि कुठला नंबर कोणाचा ती वही वेगळ्या जागी. सासूबाईंच्या साड्या, पोरांची जुनी पुस्तकं, दिवाळीचा आकाशकंदील यातलं काहीही त्या कपाटात नको, कारण एकदा ठेवलं की ते काढायला कोणीतरी चावी मागणारच. चावी देवघरात नको, फ्रिजवर नको. घरच्यांना वाईट वाटेल, विश्वास नाही काय म्हणतील, तेव्हा सरळ सांगा की ही चित्रं माझी नाहीत, ज्यानं काढली त्याची आहेत, मी फक्त सांभाळतेय.

एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करून शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्यांना हे जास्त अवघड जातं. आपला हात चित्र भिंतीला लावायला जातो, गॅदरिंगला प्रदर्शन, चांगलं आलं की स्टेटसला फोटो. इथं हे सगळं बंद. नाव झाकून सुद्धा नाही, पोराची रेघ त्याची आई ओळखते, क्लासटीचर ओळखते. मोबाइलमध्ये फोटो काढला असेल तर तो फॅमिली फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो आणि रात्री पोरं गेम खेळता खेळता बघतात, म्हणजे फोटोला पण कुलूपच लागतं. न काढलेला बरा. आणि चेहरा, डोळे, हातांचं प्रमाण दुरुस्त करू नका, तासाला चांगलं चित्र निघालं पाहिजे ही सवय सुटायला वेळ लागतो, कोर्सच्या आधीपासूनच सोडायला लागा.

आईबाप विचारणारच की आज काय काढलं, दाखवा. याचं उत्तर पहिल्या भेटीच्या आधी कागदावर ठरवा. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, गरज असेल तिथं उर्दूत, आणि वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका. आपल्याकडं पोरगं घरात मराठी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्लिश, आजीशी तिसरंच बोलतं, तेव्हा तुमचं कन्नड बाजारापुरतं असेल तर आधी ते वाढवा, रडत असलेल्या पोराला दुभाषा लावून बोलता येत नाही. त्याच कागदावर हेही लिहा की सगळं गुप्त राहतं पण पोराच्या जिवाला धोका असेल तर राहत नाही. पोक्सो कायदा 2012 चा आहे, त्याच्या कलम 19 प्रमाणं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. पण नुसत्या चित्रावरून निष्कर्ष काढायचा नाही. काळा रंग म्हणजे दुःख, मोठे दात म्हणजे राग, असला कोश कुठंही नाही, पोरानं काळा घेतला कारण बाकीचे खडू मोडलेले असतात. पोराला काय वाटतं ते त्याला सांगू द्या, खोदून खोदून विचारू नका, आणि शंका आली तर त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन.

साहित्य. पेन्सिल, तेलखडू, पोस्टर कलर, कागद, हे तुम्हाला माहितीय. माहिती नसतं ते एवढंच की पेन्सिल आणि खडू हातात राहतात, जलरंग आणि ओली माती पसरतात, आणि पसरणाऱ्या गोष्टींबरोबर मन पण झटकन मोकळं होतं. म्हणून घाबरलेल्या पोराच्या पुढं पहिल्याच तासाला मातीचा गोळा ठेवू नका, त्याला आवरता येणार नाही आणि तुम्हालाही. आधी पेन्सिल, मग तेलखडू, मग रंग. मातीसाठी लांब जायला नको, खानापुरात कुंभारकामाची मोठी परंपरा आहे, खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम संस्थाही तिथंच आहे, मळलेली माती मिळते. क्लायंटचे रंग वेगळे आणि घरच्या पोरांचे वेगळे, एकाच डब्यात नको, नाहीतर मंगळवारी सकाळी पिवळा संपलेला असतो. क्लायंटचे रंग पण कपाटात. होय, त्याच.

खोली दाराची पाहिजे, पडद्याची नाही. वडगाव-शहापूरकडं शेजारी कापडाचे माग खडखडत असतील तर कुठल्या वेळी बंद असतात ते विचारून वेळ ठरवा.

आता बाकीचं भराभरा. आपल्या गल्लीतलं आणि आपल्या पोरांच्या वर्गातलं पोरगं घ्यायचं नाही, दुसऱ्याकडं पाठवा. बाजारात क्लायंट दिसला तर आधी आपण हाक मारायची नाही, त्यांनी मारली तर बोलायचं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. औषधाची गरज दिसली, जीव द्यायची भाषा आली, तर आपल्या हातात ठेवू नका, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात नाहीतर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत पाठवा, टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 आणि चाइल्डलाइन 1098 हे दोन्ही नंबर भिंतीवर लिहा. सुपरव्हायझर पहिल्या क्लायंटच्या आधी ठरवा, नंतर नाही, त्याची फी तुमच्या फीतच धरा. फी ठरवा, पावती द्या. कार्डावर सायकॉलॉजिस्ट, डॉक्टर असलं काही छापू नका. एप्रिल-मे, गणपती, दसरा या दिवसांत येणं-जाणं तुटतं, ते आधीच सांगा आणि त्या महिन्यांचं उत्पन्न शून्य धरा. काम थांबलं की चित्रं परत द्यायची का किती दिवस ठेवून फाडायची ते संमतीपत्रातच लिहा. आणि बोर्ड सगळ्यात शेवटी, तो पण खोलीच्या दाराला, गल्लीकडच्या भिंतीला नको.