गुंतवणुकीचं अ‍ॅप रीडिझाइन करताय? आधी मोंढ्यातली पट्टी बघा

मागच्या सोयाबीनच्या सीझनला लातूरला आमच्या काकांसमोर मी म्युच्युअल फंडाच्या अ‍ॅपची नवीन स्क्रीन ठेवली. वर मोठा रंगीत गोल चार्ट, त्याच्याखाली लार्ज कॅप इतके टक्के, मिड कॅप इतके टक्के, मग आलेख. काकांनी मिनिटभर वर-खाली केलं आणि म्हणाले, "सगळं ठीकय रे, पण हातात किती यायलेत ते कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी खिशातनं आडतीची पट्टी काढून दाखवली: वजन, भाव, एकूण रक्कम, त्यातनं हमाली वजा, तोलाई वजा, आणि सगळ्यात खाली एकच आकडा. काका पट्टी खालून वर वाचतात, आधी हातात किती ते बघायचं, आणि पटलं नाही तरच वर जाऊन कशात किती कापलं ते शोधायचं.

तेव्हापासून मी पैशाची कुठलीही स्क्रीन अशीच काढतो. तुम्हीपण रीडिझाइनला बसला असाल तर फिग्मा (स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी तुमचा युजर आज पैशाचा हिशोब कुठल्या कागदावर वाचतो तो कागद मिळवा. आडतीची पट्टी, बचत गटाचं पासबुक, पतसंस्थेची पावती, भिशीची वही, जे असेल ते. त्यात आकडे कुठल्या क्रमानं येतात ते बघा आणि तोच क्रम उचला.

पहिल्या स्क्रीनवर तीनच आकडे पुरे: टाकले किती, सध्या किती झाले, फरक किती. चार्ट एक टॅप आत जाऊ द्या. आणि "आजची किंमत" लिहिताना जपून, कारण फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा (फंडातल्या एका हिश्श्याचा) भाव, दिवसातनं एकदाच, बाजार बंद झाल्यावर रात्रीपर्यंत येते, म्हणजे बुधवारी दुपारी तुम्ही जो आकडा दाखवताय तो मंगळवारचाय. तर "मंगळवारच्या भावानं" असं स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर लोक दुपारभर स्क्रीन खाली ओढत बसतात आणि आकडा हलेना म्हणून अ‍ॅप बिघडलं समजतात.

सगळ्यात जास्त वेळ पैसे काढायच्या स्क्रीनला द्या. टाकताना माणूस निवांत असतो, काढताना बहुतेक दवाखाना, लग्न नाहीतर पेरणी असते. आम्ही ती स्क्रीन सरळ पट्टीसारखी केली:

तुम्ही काढताय: ₹20,000
एक्झिट लोड 1 टक्का: ₹200 वजा
एसटीटी: 20 पैसे वजा
खात्यात येतील: साधारण ₹19,799.80
कधीपर्यंत: गुरुवार

एक्झिट लोड म्हणजे लवकर काढल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम, एसटीटी म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर. बऱ्याच इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या, फंडांत वर्षाच्या आत काढलं तर 1 टक्का एक्झिट लोड लागतो, पण जुने युनिट आधी विकले जातात, त्यामुळं ज्याची एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणं) दोन-तीन वर्षं चालूय त्याला बऱ्याचदा काहीच लागत नाही. हा हिशोब अ‍ॅपनं करायचाय, युजरनं नाही. "साधारण" हा शब्द काढू नका, कारण दुपारी 3 नंतर ऑर्डर टाकली तर पुढच्या कामाच्या दिवसाचा भाव लागतो. दिवसाचं नाव सुट्ट्या धरून काढा, "2-3 वर्किंग डेज" लिहून मोकळं होऊ नका. आणि खाली एक ओळ की टॅक्स इथं कापलेला नाही, बसला तर रिटर्न भरताना बघावा लागेल.

लहान रक्कमसुद्धा लपवू नका. ₹1,000 भरले की युनिट ₹999.95 चे मिळतात, कारण 1 जुलै 2020 पासून 0.005 टक्के स्टॅम्प ड्युटी लागते. टेस्टिंगला आलेल्या बचत गटाच्या एका ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, 5 पैसे गेले कुठं? गटाची वही लिहिणारी बाई पैसा न् पैसा जुळवते, तिला आकडा जुळला नाही की विश्वास गेला. एक ओळ लिहिली आणि प्रश्न संपला.

आता शब्द. मशीननं केलेल्या मराठीत "रिडीम"चं "विमोचन" होतं, ते कुणालाच कळत नाही, "पैसे काढा" लिहा. पोर्टफोलिओ म्हणजे "माझी गुंतवणूक", मँडेट म्हणजे "बँकेला दिलेली परवानगी". पण सगळंच मराठी करायच्या मागं लागू नका. नॉमिनीला "वारस" लिहिलं होतं एका ड्राफ्टमध्ये, ते चूक आहे, नॉमिनीकडं पैसे येतात म्हणून तो कायद्यानं मालक होतोच असं नाही, आणि आपल्याकडं भावाभावांत यावरनं किती वाद होतात ते सगळ्यांना माहितीय. नॉमिनीच ठेवा.

"हप्ता" शब्दाचं तर मला फार वाईट वाटलं. एसआयपीचे पैसे खात्यातनं गेले नाहीत की आमचं अ‍ॅप लाल अक्षरात "तुमचा हप्ता थकला आहे" असा मेसेज टाकायचं. ज्या घरात पीककर्ज आहे त्या घरात हे वाचून माणूस रात्रभर झोपत नाही. आता तिथं असं लिहिलंय: "या महिन्याचे ₹1,000 गेले नाहीत. हे कर्ज नाही, फंडाकडून दंड नाही. बँक मात्र चार्ज लावू शकते." आणि शेजारीच "थोडे महिने थांबवा" बटण. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरीचा जानेवारीनंतर, मधल्या महिन्यांत खातं कोरडंच असतं. थांबवायचं बटण चार मेन्यूंच्या आत लपवणं मला फसवणूकच वाटते. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रानं डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनची, 13 प्रकारांची यादी काढली, ती टीममधल्या प्रत्येकानं वाचावी.

आकडे 1,00,000 असेच तोडायचे, 100,000 नाही. आणि रक्कम टाकताच खाली अक्षरी दाखवा, चेकवर लिहितो तसं: "वीस हजार रुपये". एका शून्याची चूक तिथंच पकडली जाते.

फाँटला मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालेल, पण ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. भाषेचा टॅग (मजकूर कुठल्या भाषेत आहे ते सांगणारी कोडमधली खूण) मराठीच द्या, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. फोनमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून प्रत्येक स्क्रीन उघडून बघा, "गुंतवणूक करा" चं "गुंतवणूक क…" झालेलं हमखास सापडेल. बटण 48 डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइड स्क्रीनवरचं माप) लहान नको.

रंग एसीत बसून ठरवू नका. एप्रिलच्या दुपारी गंजगोलाईत उभं राहून स्क्रीन वाचा. पांढऱ्यावर जो फिकट करडा रंग डिझायनरला आवडतो त्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातलं प्रमाण) 3 च्याही खाली असतो, लहान अक्षराला निदान 4.5 पाहिजे. नफा-तोटा नुसत्या हिरव्या-लाल रंगावर सोडू नका, अधिक-वजा चिन्ह लावा, हे दोन रंग वेगळे न दिसणारे लोक आहेत.

खरेदी झाली की फुलं उडवणं, टाळ्या वाजवणं, हे मी मुद्दाम काढून टाकलं. अमेरिकेत रॉबिनहूड या शेअर खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपनं 2021 मध्ये असा कॉन्फेटी बंद केला. आपल्याकडं सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. अशा ठिकाणी बटण चमकवायचं नसतं.

नेटचं पण बघा. पैसे कटले आणि ऑर्डर दिसेना, अशा वेळी माणूस घाबरून परत भरतो. तिथं मोठ्या अक्षरात "पैसे कटले असतील तर परत भरू नका, आम्ही तपासतोय" आणि किती वाजेपर्यंत कळेल ते.

टेस्टिंगला पाच माणसं पुरतात, पण ती ऑफिसातली नकोत. एक शिक्षक, एक आडत्या, एक वाळूजला कंपनीत जाणारा पोरगा, बचत गटाच्या एक ताई, एक रिटायर झालेले काका, अशी घ्या. "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "यातनं 5 हजार काढून दाखवा" म्हणा आणि गप्प बसा, बोट कुठं अडखळतं ते बघा.

आणि नवीन डिझाइन सगळ्यांना एकाच दिवशी देऊ नका. आधी थोड्या लोकांना द्या, आणि ते अ‍ॅपमध्ये किती वेळ बसतात हे मोजण्यापेक्षा "माझे पैसे कुठं गेले" म्हणून किती फोन येतात ते मोजा. "पैसे काढा" बटण मात्र पहिल्या दिवशी जुन्या जागेवरच ठेवा, कारण ते दिसलं नाही की लोकांना वाटतं पैसे अडकले, आणि ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात होते.