आधी वहीत तार ओढा, मग टर्मिनल उघडा

लिनक्सवर आभासी नेटवर्क उभं करायचं असलं की पहिली दहा मिनिटं मी कीबोर्डला हातच लावत नाही. वहीत चौकोन काढते, त्यांच्यामध्ये रेघा ओढते आणि प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना नावं देते. एकदा हात पोळल्यावर लागलेली सवय आहे ही. तो किस्सा पुढे येईल.

चौकोन आणि रेघा कशासाठी? कर्नलमधली (लिनक्सच्या गाभ्यातली) ही आभासी उपकरणं म्हणजे खऱ्या वस्तूंची सोंगं आहेत. ब्रिज म्हणजे स्विच, अनेक केबल एकत्र जोडणारा डबा. वीइथ म्हणजे दोन टोकांची केबल. म्हणून ती जोडीनेच जन्मते आणि एक टोक डिलीट केलं की दुसरंही जातं. नेटवर्क नेमस्पेस म्हणजे नेटवर्कपुरतं वेगळं मशीन: त्याचे इंटरफेस (नेटवर्कला जोडायची टोकं) वेगळे, राउटिंग टेबल (कुठे जायला कुठला रस्ता याची यादी) वेगळं, फायरवॉलचे नियमही वेगळे. टॅप ही अशी केबल की जिचं दुसरं टोक एखाद्या प्रोग्रामच्या हातात असतं. व्हर्च्युअल मशीनला (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला) बहुतेक वेळा हीच जोडलेली असते. टन तिचा भाऊ, पण तो इथरनेट फ्रेम (केबलवरून जाणारी, मॅक म्हणजे कार्डाचा पत्ता लिहिलेली पाकिटं) नेत नाही, नुसती त्यांच्या आतली आयपी पॅकेट नेतो. त्यामुळे त्याला ब्रिजमध्ये घालता येत नाही. व्हीपीएनमध्ये तो हमखास भेटतो.

हात बसायला एक छोटी मांडणी करू: एक ब्रिज, एक नेमस्पेस, मधे एक केबल. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. तुम्ही त्या रोमन अक्षरांत, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून टाइप करा. इंटरफेसचं नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, हे नावं ठरवतानाच लक्षात असू द्या.

आयपी नेटएनएस ॲड खोली
आयपी लिंक ॲड पूल० टाइप ब्रिज
आयपी लिंक ॲड तार-बाहेर टाइप वीइथ पीअर नेम तार-आत
आयपी लिंक सेट तार-आत नेटएनएस खोली
आयपी लिंक सेट तार-बाहेर मास्टर पूल०

आता पत्ते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण इंटरफेस नेमस्पेसमध्ये सरकवला की त्याच्यावरचा आयपी पत्ता पुसला जातो. म्हणून आधी सरकवायचं, मग पत्ता द्यायचा. पत्त्याचा पट्टाही असा निवडा की तुमच्या खऱ्या नेटवर्कशी धडकणार नाही.

आयपी ॲड्रेस ॲड १०.२०.३०.१/२४ डेव्ह पूल०
आयपी नेटएनएस एक्झेक खोली आयपी ॲड्रेस ॲड १०.२०.३०.२/२४ डेव्ह तार-आत

यानंतर चार गोष्टी ‘अप’, म्हणजे चालू, करायच्या: पूल०, तार-बाहेर, आणि खोलीच्या आत तार-आत व लो (लूपबॅक, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायचा इंटरफेस). लो सगळेच विसरतात. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक बंदच असतो, आणि मग स्वतःच्याच १२७.०.०.१ ला पिंग (पत्ता उत्तर देतो का ते बघणारी कमांड) लागत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

पिंग गेला नाही तर लगेच फायरवॉलवर संशय घेऊ नका. आधी ‘आयपी लिंक’ चालवा आणि तार-बाहेरची ओळ नीट वाचा. तिथे नो-कॅरिअर दिसलं तर दुसरं टोक अजून ‘अप’ नाही; खऱ्या केबलचं टोक सॉकेटात नीट बसलं नाही की होतं तेच. नावापुढे ‘@इफ५’ असलं काही दिसेल, ते चुकून आलेलं नाही. केबलचं दुसरं टोक वेगळ्या नेमस्पेसमध्ये असल्यामुळे त्याच्या नावाऐवजी तिथला त्याचा क्रमांक दाखवला जातो. आत जाऊन ‘आयपी लिंक’ दिलंत तर ५ क्रमांकावर तार-आत उभी असेल. ढीगभर कंटेनर (आपापल्या नेमस्पेसमध्ये चालणारे प्रोग्राम) चालू असताना कुठली केबल कुठे गेली ते मी असंच शोधते.

खोलीतून बाहेरच्या जगात जायला तीन गोष्टी लागतात: आत १०.२०.३०.१ मार्गे डीफॉल्ट रूट (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता), मुख्य मशीनवर कर्नलचं आयपी फॉरवर्ड १ (म्हणजे दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवणं चालू), आणि बाहेर पडणाऱ्या नेटवर्क कार्डावर मास्करेडचा नियम (आतल्या पत्त्याऐवजी मुख्य मशीनचा पत्ता लावणारा). एवढं करूनही आकड्यातला पत्ता पिंग होतो पण नावानिशी काहीच उघडत नाही, असं झालं तर रिझॉल्व्ह.कॉन्फ बघा, म्हणजे नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते सांगणारी फाइल. त्यात १२७.०.०.५३ असेल तर तो मुख्य मशीनचा लूपबॅक आहे. खोलीचा लूपबॅक वेगळा आणि तिथे ऐकणारं कुणी नाही. उपाय सोपा आहे. ईटीसीमधल्या (लिनक्सच्या सेटिंगच्या फोल्डरातल्या) नेटएनएस फोल्डरात ‘खोली’ नावाचं फोल्डर करून त्यात वेगळी रिझॉल्व्ह.कॉन्फ ठेवा. ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ आपणहून तीच वापरतं.

आता तो किस्सा. दूरवरचा एक सर्व्हर, मी एसएसएचने (नेटवर्कवरून उघडलेल्या टर्मिनलने) आत, आणि व्हर्च्युअल मशीनना खऱ्या नेटवर्कवर आणायचं होतं. ब्रिज केला आणि फारसा विचार न करता खरं कार्ड इथ० त्याला जोडून टाकलं. एंटर दाबला आणि कर्सर गोठला. कार्ड ब्रिजमध्ये गेलं की ते स्विचचं नुसतं पोर्ट होतं. येणारी प्रत्येक फ्रेम आधी ब्रिजच्या हातात जाते, आणि माझा ब्रिज तर ‘अप’सुद्धा नव्हता. पत्ता आणि डीफॉल्ट रूट कार्डावरून काढून ब्रिजवर न्यायला हवे होते, तेही एकाच स्क्रिप्टमध्ये, एका दमात. शेवटी तिथल्या माणसाला फोन करून मशीन बंद-चालू करायला लावलं, आणि सगळं पूर्ववत झालं, कारण ‘आयपी’ कमांडने केलेलं फक्त मेमरीत असतं.

त्या अपमानातून एक युक्ती मिळाली. असं काम सुरू करण्याआधी ‘शटडाउन -आर +५’ देऊन ठेवते. जोडणी तुटली तर पाच मिनिटांनी मशीन आपोआप रिबूट होऊन जुन्या स्थितीत येतं. नीट जमलं तर ‘शटडाउन -सी’ देऊन ते रद्द करते. फक्त ते वेळेत द्यायला विसरू नका.

खऱ्या कार्डाबाबत आणखी दोन खाचखळगे. वायफाय कार्ड नेहमीच्या क्लायंट मोडमध्ये ब्रिजला जोडता येत नाही. त्याच्याआडून वेगळ्या मॅक पत्त्याच्या फ्रेम पाठवायची सोय त्या मोडमध्ये नसते. तिथे वरचा मास्करेडचा मार्गच धरा. दुसरं, ब्रिजला मॅक पत्ता कुणी ठरवून दिला नाही, तर तो आपल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक उचलतो. नवं पोर्ट आलं की मॅक बदलू शकतो आणि डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) भलताच आयपी पदरात पडू शकतो. मॅक ठरवून द्या, प्रश्न मिटला.

मांडणी जमली की ती कायमची करायची. मी सिस्टमडी-नेटवर्कडी (फाइली वाचून नेटवर्क मांडणारा प्रोग्राम) वापरते: .नेटडेव्ह फाइल उपकरण घडवते, .नेटवर्क फाइल त्याला पत्ता देते आणि कोण कुणाचं पोर्ट ते ठरवते. त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम, नेटवर्कमॅनेजर, आधीच चालू असेल तर सगळं त्याच्यातच करा. एकाच इंटरफेसवर दोघांची मालकी ठेवलीत तर एकाने मांडलेलं दुसरा मोडणार. नेमस्पेस मात्र नेटवर्कडी बनवत नाही. त्यासाठी मशीन सुरू होताना आपोआप चालणारी एक छोटी सर्व्हिस लिहावी लागते.

सराव संपला की ‘आयपी नेटएनएस डिलीट खोली’ द्या. आतली केबल जाते, जोडीचं बाहेरचं टोकही जातं, पूल० मात्र वेगळा डिलीट करावा लागतो. तार-बाहेर तरीही दिसतच असेल, तर खोलीच्या आत एखादा प्रोसेस अजून चालू आहे. कमांडने फक्त नाव पुसलं. तो प्रोसेस थांबेपर्यंत नेमस्पेस जिवंत राहते.