हौशी स्त्री-गुप्तहेरांच्या मालिका वाचताना

पहिला भागच आधी वाचायचा हट्ट नको, पण ज्यांत नायिकेचं वय आणि नाती पुढे सरकतात, त्या मालिका क्रमानेच वाचा. ॲलन ब्रॅडलीची फ्लेविया द लूस ही मालिका अशीच, नायिका फ्लेविया म्हणजे 1950 च्या इंग्लंडमधली, विषांच्या रसायनशास्त्राने झपाटलेली 11 वर्षांची मुलगी. मधूनच उचललात तर तिच्या घरातले आधीचे उलगडे आयते कळतात आणि मजा जाते.

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या वयस्क हौशी गुप्तहेर बाईंच्या 12 कादंबऱ्या बहुतांशी सुट्या वाचता येतात. मात्र 1971 ची ‘नेमेसिस’ 1964 च्या ‘अ कॅरिबियन मिस्टरी’नंतरच घ्या, धागा तिथूनच येतो. 1976 ची ‘स्लीपिंग मर्डर’ शेवटी छापली गेली, पण लिहिली 1940 च्या दशकात. म्हणून तिला मार्पलचा शेवट समजू नका.

वाचताना पुस्तकखुणेवरच पात्रांची नावं, नाती, कोण कधी कुठे होतं ते टिपा. या नायिकांकडे पोलिसांचे अधिकार नसतात. त्यांचं बळ गप्पा, शेजार आणि एखाद्या विषयाचं वेड. त्यामुळे चहापानाचं पान चाळून पुढे गेलात की नेमका दुवा निसटतो. शेवटच्या उलगड्याआधी थांबा, संशयिताचं नाव कारणासह लिहा, मगच पान उलटा.