पहिल्या प्रॅक्टिकलआधी गोठ्यात एक फेरी

उदगीर असो की परभणी, पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात गप्प होतात. हाडं आणि आतडी बघून नाही, शब्द ऐकून. मीही झालो होतो. ज्या जनावरांत आपण वाढलो, त्यांच्याच अंगाची नावं परकी वाटावीत याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तयारी पुस्तकापासून करू नका, दावणीपासून करा.

घरी देवणी असेल, लाल कंधारी असेल, नाहीतर शेजाऱ्याची म्हैस असेल. ओळखीचं, शांत जनावर बघा आणि त्याच्या डाव्या अंगाला उभे राहा. पाठीवरून हात फिरवा. डोक्याकडची दिशा क्रेनियल, शेपटीकडची कॉडल. पाठीकडचं डॉर्सल, पोटाकडचं व्हेंट्रल. माणूस उभा चालतो, त्याचं पोट पुढं असतं, बैलाचं खाली. त्यामुळं माणसाच्या पुस्तकातलं ‘पुढचं-मागचं’ इथं घोळ घालतं. डोक्यावर पोचलात की क्रेनियल हा शब्द संपतो, कारण क्रेनियम म्हणजे कवटी, आणि तुम्ही तिच्यावरच आलात. तिथून नाकपुड्यांकडं जाणारी दिशा रॉस्ट्रल.

पायापाशी जास्त वेळ थांबा, परीक्षेत सगळे तिथंच चुकतात. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरं तर मनगट आहे, कार्पस. कोपर त्याच्या वर, छातीला लागून. मागच्या पायाचा खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, आणि खाली मागं टोक आलेलं दिसतं ती टाच. खूर म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची टोकं. आता कार्पसच्या वर पायाची पुढची बाजू क्रेनियल आणि मागची कॉडल, पण कार्पसपासून खाली पुढची बाजू डॉर्सल होते आणि मागची पामर. मागच्या पायात टाचेच्या सांध्यापासून खाली तीच प्लँटर. पाठ करू नका. स्वतःचा हात बोटांच्या टोकांवर जमिनीवर उभा करा. हाताची पाठ पुढं येते, तळवा मागं जातो. झालं.

निघण्याआधी डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा. मिनिटाभरात आतून लाट आल्यासारखी मूठ उचलली जाईल. ते कोटीपोट, रूमेन. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्यानं व्यापलेली असते, इतकी की डावं मूत्रपिंडसुद्धा ढकललं जाऊन उजव्या बाजूला जातं. जमल्यास बरगड्याही मोजा: गाईला १३ जोड्या, घोड्याला १८.

ऊतीशास्त्रासाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्या विषयासाठी, आदल्या रात्री चारच नावं पक्की करा: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ऊती. अकरावीत ती झालेली आहेत. आता ती कुठं आणि का, एवढं बघायचं. कोटीपोटाच्या आतलं अस्तर अनेक थरांचं, वरून केराटिनचं. तिथं ग्रंथी नाहीत, कारण तिथं दिवसभर कडबा घुसळला जातो. चौथं पोट म्हणजे अबोमेझम, तिथं उंच पेशींचा एकच थर आणि खाली ग्रंथीच ग्रंथी, कारण खरा पाचक रस तिथं सुटतो. या दोन स्लाइड शेजारी ठेवून बघितल्या तर अभिस्तराचा अर्धा धडा तिथंच समजतो.

नमुने स्वतः आणायचे असतील तर बरोबर रुंद तोंडाची बाटली घ्या. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात, तो कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही. बाजारातलं फॉर्मलिन एक भाग, पाणी नऊ भाग. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, आणि द्रावण तुकड्याच्या किमान दहापट. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. हे मिश्रण उघड्यावर किंवा खिडकीपाशी, ग्लोव्ह्ज घालूनच करा. डोळे अक्षरशः जळतात.

माझी चूक सांगतो. आठवडी बाजारातल्या खाटकाकडून उस्मानाबादी शेळीच्या आतड्याचे आणि पोटाचे तुकडे घेतले, पॉलिथिनच्या पिशवीत टाकले आणि दोन तास मोटारसायकलवर फिरवले. एप्रिल होता, पारा ४२ च्या पुढं. मग फॉर्मलिन, चढत्या टक्केवारीचं अल्कोहोल, झायलिन, वितळलेलं मेण, मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर ५ मायक्रॉनचे काप, सगळं नीट केलं. हिमॅटॉक्सिलिन या रंगानं केंद्रकं निळी-जांभळी झाली, इओसिन या रंगानं बाकीचं गुलाबी. भिंगाखाली बघतो तर आतड्याच्या व्हिलाय, म्हणजे अस्तराची बोटांसारखी बारीक टोकं, बोडक्या, वरचा थर सुटून गेलेला. जनावर मेलं की पेशींतली विकरं स्वतःच्याच पेशी पचवायला लागतात, आणि उन्हात हे फार लवकर होतं. आतड्याचं अस्तर आधी जातं. फॉर्मलिन खाटकापाशीच हवं होतं.

त्याहून वाईट म्हणजे चिठ्ठ्या मी बॉलपेननं लिहिल्या होत्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळली आणि कोणता तुकडा कुठला, आडवा छेद की उभा, काहीच कळेना. क्रेनियल, कॉडल, ट्रान्सव्हर्स हे शब्द म्हणजे तुकड्याचा पत्ता असतो, हे मला त्या कोऱ्या चिठ्ठ्यांनी शिकवलं.

सूक्ष्मदर्शकावर आधी ४ चं भिंग, मग १०, मग ४०. चाळिसाला मोठा स्क्रू फिरवू नका, काच फुटते. चित्र काढायच्या आधी पूर्ण स्लाइड ४ च्या भिंगानं फिरून बघा. घाईनं ४० लावणाऱ्याला एक पेशी दिसते, अवयव दिसत नाही.

पिशवीत ॲप्रन, चिमटा, कात्री, स्काल्पेल, ग्लोव्ह्ज, जांभळी आणि गुलाबी रंगीत पेन्सिल टाका. आणि साधी शिसपेन्सिल, टोक करून. चिठ्ठी तिनंच लिहायची: प्राणी, अवयव, बाजू, छेद, तारीख.