बरका फणस पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी

साताऱ्याच्या मंडईत मे महिन्यापासून फणस दिसू लागतो, पण तो बहुधा कापा, म्हणजे टणक गऱ्यांचा असतो. विक्रेते हाताला तेल लावून त्याचे गरे सोलतात, वजनावर विकतात, आणि गिऱ्हाईक ते घरी नेऊन कुरकुरीत फोडीसारखे खातात. मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका मंडईत क्वचितच येतो, कारण पिकल्यावर तो प्रवास सोसत नाही आणि त्याचे सोललेले गरे पिशवीत तासाभरात गळून जातात. तो आपल्याकडे येतो तो नात्यागोत्यातून. कोणाच्या मामाकडून कुंभार्ली घाट चढून, कोणाच्या सासरहून पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यातून, गोणपाटात गुंडाळलेला आणि सुतळीने बांधलेला. माझे माहेर चिपळूण तालुक्यातले असल्यामुळे दर जूनमध्ये असा एक फणस आमच्या साताऱ्याच्या घरी येतोच, आणि दरवर्षी कोणीतरी तो आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा खाते. त्यातून जे लक्षात आले ते येथे लिहीत आहे. ज्यांनी बरका एकदा तोंडात घालून कायमचा सोडून दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या पद्धतीने खायला मिळाला होता, असे माझे ठाम मत आहे.

कापा आणि बरका ही एकाच झाडाची दोन रूपे आहेत; वनस्पतिशास्त्रात दोघांचेही नाव एकच. फरक गऱ्याच्या पोताचा आहे. काप्याचा गरा पिकला तरी टणक राहतो आणि दाताखाली तुटतो. बरक्याचा गरा पिकला की लिबलिबीत होतो, त्यातले धागे मोकळे होतात, रस सुटतो आणि वासही कितीतरी पटीने वाढतो. फणस वड, पिंपळ, अंजीर आणि तुती यांच्या कुळातला आहे आणि त्याचे मूळ घर आपला पश्चिम घाटच मानले जाते. जे एक फळ म्हणून आपण उचलतो तो खरे तर शेकडो फुलांचा एकत्र वाढलेला समूह असतो. ज्या फुलात बी धरते त्याचा गरा होतो, ज्यात धरत नाही त्याची गऱ्यांच्या मधली चिवट पट्टी होते.

वासाचे कारण थोडे समजून घेतले तर त्याची धास्ती कमी होते. पिकताना फणसात एस्टर नावाची अनेक सुगंधी संयुगे तयार होतात. त्यांतले एक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, ज्याच्यामुळे पिकलेल्या केळ्याला केळ्याचा वास येतो. दुसरा गट आयसोव्हॅलेरिक आम्लापासून बनलेल्या एस्टरांचा, आणि हे आम्ल मुरलेल्या चीजमध्येही असते आणि घामाने भिजलेल्या पायमोज्यांतही. म्हणून एकाच फणसाजवळ उभे राहून एक जण केळे, अननस आणि मधाचे नाव घेतो आणि दुसरा नाकाला पदर लावतो, तेव्हा दोघेही खरेच बोलत असतात. गरा तोंडात गेल्यावर गोडी आणि वास एकत्र पोचतात आणि घामाची आठवण करून देणारा भाग मागे पडतो. त्यामुळे नुसत्या वासावरून निर्णय करू नये, एवढी एकच विनंती मी प्रत्येक पाहुण्याला करते.

आता फणस निवडण्याविषयी. बाहेरून पाहून कापा कोणता आणि बरका कोणता हे ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते, म्हणून ज्याच्या झाडाचा फणस आहे त्याला सरळ विचारावे. आपल्या दारच्या झाडाचा स्वभाव प्रत्येकाला ठाऊक असतो. पिकलेपण मात्र आपल्याला ओळखता येते. कच्च्या फणसाचे काटे टोकदार आणि दाट असतात. पिकत आला की ते बसके आणि विरळ दिसू लागतात आणि हिरवा रंग पिवळसर तपकिरी होतो. हाताने थोपटल्यावर कच्चा फणस घट्ट, भरीव आवाज देतो, पिकलेला पोकळ वाजतो. बरका पिकला की अंगठ्याने दाबलेली जागा आत जाते. झाडावरून उतरवलेला तयार फणस घरातल्या उबेत साधारण ३ ते १० दिवसांत पिकतो, पण शेवटच्या टप्प्यात तो फार घाई करतो, आणि जो सकाळी कच्चा वाटला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाण्याच्या पलीकडे गेलेला असू शकतो. म्हणून घरभर वास दरवळू लागला की त्याच दिवशी फोडावा.

पहिल्यांदा खाणाऱ्याच्या ताटात अतिपिकलेला फणस कधीही वाढू नये. वास गोड असण्याऐवजी नाकाला झोंबणारा, दारूसारखा आला, गऱ्यांवर तपकिरी डाग पडले किंवा रसाला फेस आला, तर साखर आंबू लागली आहे असे समजावे आणि तो भाग टाकून द्यावा. जुलै २०२५ मध्ये केरळातील पंदळम येथे एसटीच्या चालकांनी ड्यूटीपूर्वी पिकलेला फणस खाल्ला आणि श्वासतपासणीच्या यंत्राने त्यांना मद्यपी ठरवले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. मृग बरसून गेल्यावर, घाटात पावसाची झड लागल्यानंतर उतरवलेले फणस पाणचट निघतात. त्यांना गोडी कमी आणि वास मात्र तेवढाच. पहिली ओळख मे अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करून द्यावी, असा माझा आग्रह असतो.

फोडण्याचे काम गच्चीवर, अंगणात किंवा गॅलरीत करावे. बंद स्वयंपाकघरात वास साचतो आणि नवखा माणूस पहिला गरा हातात येण्याआधीच थकतो. खाली जुनी वर्तमानपत्रे तीन-चार थर अंथरावीत, अंगावर जुने कपडे असावेत आणि अंगठ्या, बांगड्या काढून ठेवाव्यात. दोन्ही हातांना मनगटापर्यंत आणि सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी खोबरेल तेल चोळावे. हा टप्पा वगळू नये, कारण फणसाचा चीक पाण्याने आणि साबणाने निघत नाही, उलट साबणाच्या फेसाबरोबर तो बोटांच्या बेचक्यात पसरतो. चीक लागलाच तर आधी तेलाने रगडावे, कागदाने पुसावे आणि मग साबण लावावा.

काप्याला कोयती लागते. पिकलेल्या बरक्याला लागत नाही. देठापासून खालपर्यंत सालीत बोटाच्या एका पेराएवढी खोल चीर द्यावी आणि चिरेत दोन्ही हातांचे अंगठे घालून साल दोन बाजूंना ओढावी. पांढरा, दुधासारखा चीक चिरेच्या कडेने थेंबाथेंबाने वर येतो आणि ओढताना त्याचे केसासारखे धागे दोन्ही बाजूंना ताणले जातात. ते एका काडीवर गुंडाळून घ्यावेत, म्हणजे गऱ्यांवर पडत नाहीत. त्यानंतर देठ धरून हलवत वर ओढला की मधला दांडा अख्खा सुटून येतो आणि त्याच्याभोवती लगडलेले सोनेरी गरे उघडे पडतात. चांगल्या बरक्याचा हा क्षण पाहण्यासारखा असतो. मुलांना तो जवळून दाखवावा. फळाबद्दलची निम्मी भीती तेथेच जाते.

गरे ताबडतोब वाढू नयेत. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात घालून ते अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावेत. थंड गऱ्याचा वास हवेत कमी उडतो, रस थोडा आवळतो, आणि लिबलिबीतपणा, ज्याला लोक वासापेक्षाही अधिक बिचकतात, तोही सौम्य होतो. कोकणातल्या माझ्या काकूंना ही पद्धत मुळीच मान्य नाही, त्या ऊन्ह उतरल्यावर ओसरीवर बसून झाडाच्या उबेतलाच फणस खातात. पण ती सवयीची गोष्ट आहे, आणि नवख्याला थोडी सवलत द्यायला हरकत नसावी.

खाण्याची रीत हा या सगळ्याचा गाभा आहे. बरक्याचा गरा चावून खायचा नसतो. चावायला गेले की धागे दातांत अडकतात, गिळवत नाही, घास तोंडात फिरत राहतो आणि माणूस घाबरून थुंकतो. गरा टोकाशी चिमटीत धरावा, दुसऱ्या हाताने हलकेच दाबून आतली आठळी वाटीत काढावी आणि राहिलेल्या गऱ्याचा फक्त अर्धा भाग जिभेवर ठेवावा. जिभेने तो टाळूवर दाबावा. रस आपोआप सुटतो, तो आधी गिळावा, आणि उरलेला मऊ भाग मागून सावकाश जाऊ द्यावा. ज्यांना धागे नकोसे वाटतात त्यांनी ते चोखून टाकले तरी चालते. आंब्याची कोय चोखताना आपण तेच करतो.

मागच्या वर्षी आमच्या शेजारची दहिवडीकडची नवी सून दारात येऊन थांबली आणि म्हणाली, “वहिनी, कसला वास येतोय हो? काही आंबलंय का?” माण तालुक्यातल्या कोरड्या हवेत वाढलेल्या त्या मुलीने बरका कधी पाहिलाच नव्हता. मी तिला गच्चीवर नेले, वाऱ्याच्या बाजूला बसवले आणि थंड गऱ्याचा एक अर्धा तुकडा दिला. तिने डोळे मिटून तो टाळूवर दाबला, कपाळावर आठी पडली, मग आठी गेली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. “आधी जरा नको वाटलं,” ती म्हणाली, “पण नंतर गुळाच्या काकवीसारखं लागतंय.” तिने त्या दिवशी तीन गरे खाल्ले आणि मीही तिला चौथा दिला नाही. पहिल्या दिवशी दोन ते चार गरे पुरेत. गोडीच्या भरात दहा-बारा खाल्ले तर पोट जड होते, वारा धरतो, आणि त्या रात्रीची आठवण फळाला चिकटते.

काही जणांना एवढे करूनही नुसता गरा जमत नाही. त्यांनी हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी सांदणे आहेत. गरे चाळणीवर किंवा पुरणयंत्राच्या जाळीवर चोळून रस काढावा, म्हणजे धागे वर राहतात. दोन वाट्या रसाला साधारण तेवढाच भाजलेला तांदळाचा रवा, चवीप्रमाणे गूळ, चिमूटभर मीठ आणि थोडे नारळाचे दूध घालून अर्धा तास भिजू द्यावे आणि तेल लावलेल्या इडलीपात्रात १५ ते २० मिनिटे वाफवावे. वाफेत वासाचा उग्रपणा निघून जातो आणि गोड, केळ्यासारखा सुगंध मागे राहतो. साजूक तुपाबरोबर गरम सांदण खाल्लेली माणसे पुढच्या वर्षी स्वतःहून गरा मागतात, हे मी तीन-चार घरांत पाहिले आहे. लहान मुले आणि दात नसलेले वृद्ध यांनाही हा गाळलेला रसच द्यावा, कारण लांब, निसरडा गरा आणि गुळगुळीत आठळी दोन्ही घशात अडकू शकतात.

थोड्या सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पिकलेल्या गऱ्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९५ कॅलरी, १९ ग्रॅम साखर आणि ४५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे त्यांनी फणसाची चव घेण्यापूर्वीच विचारावे. रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी चिकाला हात लावू नये आणि गराही सांभाळून खावा. ओठ खाजू लागले किंवा घसा दाटला तर तेथेच थांबून डॉक्टरांकडे जावे. फणसावर विडा खाऊ नये असे आमच्याकडची वडीलधारी माणसे सांगतात. त्यामागचे कारण मला कोणी पटेल असे सांगितलेले नाही, पण घरातला शब्द म्हणून मी तो पाळते.

उरलेले गरे घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी संपवावेत. एकदा मी घाईत ते ताटलीने झाकलेल्या वाडग्यात फ्रिजमध्ये ठेवले, आणि सकाळी दुधाला, दुधामुळे चहाला आणि लोण्यालाही फणसाचा वास आला. घरात दोन दिवस कोणी नीट चहा घेतला नाही. साल, पट्ट्या आणि दांडा रात्रभर घरात ठेवू नयेत, चिलटे जमतात. आसपास कोणाची गाय-म्हैस असेल तर साल तिला द्यावी, जनावरे आवडीने खातात. नसेल तर वर्तमानपत्रासकट ओल्या कचऱ्यात बांधून सकाळच्या घंटागाडीत टाकावी. ओटा आणि सुरी आधी तेलाच्या कापडाने, मग गरम पाण्याने पुसावी.

आठळ्या मात्र एकही टाकू नये. त्या कच्च्या खायच्या नसतात. वरचा बुळबुळीत पापुद्रा धुऊन काढावा, सावलीत एक दिवस सुकवाव्यात आणि मिठाच्या पाण्यात २० ते २५ मिनिटे, सुरी सहज आत जाईपर्यंत उकडाव्यात. वरचे पांढरे टरफल काढले की आत तपकिरी साल दिसते, ती राहिली तरी चालते. बाहेर पाऊस लागलेला असताना या आठळ्या तव्यावर थोड्या भाजून, वर मीठ भुरभुरून खाव्यात, किंवा दोन तुकडे करून मसुराच्या आमटीत सोडाव्यात. त्यांना फणसाचा वास अजिबात नसतो, बटाटा आणि शिंगाड्याच्या मधली चव असते, आणि ज्यांनी गऱ्याला हातही लावला नाही ती माणसेही आमटीतल्या आठळ्या शोधून खातात.