अ‍ॅडव्हर्ब क्लॉज लहान करताना ‘जाताना’पासून सावध राहा

क्लॉजमध्ये कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद दोन्ही असतात, फ्रेजमध्ये ते दोन्ही मिळून नसतात, हा फरक मराठी माध्यमातून शिकून स्टाफ सिलेक्शनच्या (सरकारी नोकरभरतीच्या) परीक्षेची तयारी करणाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग होम, आय मेट हिम’ यातल्या वेळ सांगणाऱ्या अ‍ॅडव्हर्ब क्लॉजमधून ‘आय वॉज’ गाळले की ‘व्हाइल वॉकिंग होम, आय मेट हिम’ असे सुटसुटीत वाक्य उरते, हे मलाही ठाऊक होते. तरीही चुका ओळखण्याच्या प्रश्नांत याच जागी मी दोन वर्षे गुण घालवले.

मी जात असे त्या शिकवणीत एकच सूत्र घोकून घेतले जाई : सब्जेक्ट काढा, क्रियापदाला आयएनजी लावा. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते, आणि अर्धे सूत्र देणाऱ्या शिक्षकापेक्षा सूत्रच न देणारा शिक्षक परवडतो, असे माझे आजही मत आहे. मी वहीत लिहिले होते, ‘व्हाइल गोइंग टू द फार्म, द रेन स्टार्टेड.’ त्याखाली तांबडी रेघ आली, कारण मात्र कोणी सांगितले नाही. ‘शेतावर जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठीत निर्दोष असल्यामुळे मला चूक दिसतच नव्हती. आपले ‘जाताना’ आणि ‘गेल्यावर’ कर्त्याची चौकशी करत नाहीत. जाणारा एक आणि सुरू होणारा दुसरा असला तरी त्यांचे काही अडत नाही. इंग्रजीतली लहान केलेली फ्रेज मात्र स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यालाच जाऊन चिकटते, म्हणून माझ्या वाक्यात शेतावर पाऊसच निघाला होता. दोन्हीकडचा कर्ता एक नसेल, तर क्लॉज लहान करू नका. ‘व्हाइल आय वॉज गोइंग’ असे पूर्णच लिहा.

घाबरून जाऊ नका, कारण हा नियम तुम्ही लहानपणापासून पाळत आला आहात. ‘दार उघडून मी बाहेर गेलो’ हे ठीक आहे. पण ‘दार उघडून मांजर पळाले’ असे कोणी म्हणाले, तर दार मांजरानेच उघडले असे आपण समजतो. ‘ऊन’ प्रत्ययाला सहसा एकच कर्ता लागतो, म्हणून शंका आली की ‘जाताना’च्या जागी ‘जाऊन’ घालून पाहावे. ‘शेतावर जाऊन पाऊस सुरू झाला’ हे लगेच कानाला खटकते. ही कसोटी एका ठिकाणी मात्र दगा देते : ‘मला पुण्यात येऊन दहा वर्षे झाली’ हे मराठीत चालते, पण ‘सिन्स कमिंग टू पुणे, टेन इयर्स हॅव पास्ड’ हे चूकच आहे, कारण पुण्यात वर्षे आलेली नाहीत.

याहून अवघड जागा ‘मला’ची आहे. ‘शाळेत असताना मला कविता आवडत’ या वाक्यात क्रियापद कवितांच्या मागे जाते, म्हणून आपण नकळत ‘व्हाइल इन स्कूल, पोएम्स...’ अशी सुरुवात करतो. येथे आवड ज्याची आहे त्यालाच कर्ता करावे लागते : ‘व्हाइल इन स्कूल, आय लाइक्ड पोएम्स.’ मराठी वाक्य मनात घोळवत इंग्रजी लिहिणाऱ्याने प्रत्येक ‘मला’पाशी थांबलेच पाहिजे.

बाकीच्या गोष्टी सरावाने बसतात. कारण सांगणारे ‘बिकॉज’ लहान करताना गळून पडते आणि ‘बीइंग टायर्ड, शी वेंट टू बेड’ असे वाक्य होते. ‘बिकॉज बीइंग’ कधीही लिहू नये. ‘सिन्स’ काळाचे असेल तर राहते, कारणाचे असेल तर जाते. नकार असल्यास ‘नॉट’ आधी येतो : ‘नॉट नोइंग द वे, आय आस्क्ड अ पोलीसमन.’ कर्मणी वाक्यात आयएनजी न लावताही भागते : ‘व्हेन हीटेड, आयर्न एक्सपांड्स.’

दोन कर्ते असूनही वाक्य लहानच करायचे असेल, तर फ्रेजला तिचा स्वतःचा कर्ता देता येतो : ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी सेट आउट.’ ही रचना परीक्षेत ओळखता आली पाहिजे, परंतु पहिले काही महिने स्वतःच्या लेखनात ती वापरू नका.