बुटीकचा होलसेल माल : आधी साइझ, मग डिझाइन, भाव सगळ्यात शेवटी

मार्जिन कसं काढतात, पक्कं बिल का घ्यायचं, हंगामाच्या आधी किती दिवस खरेदीला निघायचं, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. इथे मुख्यतः एकाच खड्ड्याबद्दल सांगायचं आहे. नवीन बुटीकचं भांडवल त्यात इतकं गुपचूप गडप होतं, की वर्षभर विक्री बरी होऊनही गल्ला रिकामा का, हे कळत नाही.

तो खड्डा म्हणजे सेट.

होलसेलवाला पीस विकत नाही, सेट विकतो. एक डिझाइन, पाच साइझ, प्रत्येकी एक पीस : एस, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. भाव मात्र पीसचा सांगतो आणि आपणही हिशेब पीसचाच करतो. १०० ला घेतला, २०० ला विकला, दुप्पट झाले. कागदावर हे बिनचूक आहे, पण कागदाला छाती-कंबर नसते.

आकडे घालून बघा. चलन कुठलंही धरा. एका डिझाइनचे ४ सेट घेतले, म्हणजे २० पीस, खरेदी २०००. डिझाइन चांगलं आहे, २० गिऱ्हाइकांना आवडलं. पण त्या २० जणींत एसवाल्या २, एमवाल्या ६, एलवाल्या ७, एक्सएलवाल्या ४ आणि डबल एक्सएलवाली १. तुमच्याकडे प्रत्येक साइझचे चारच पीस. मग एस २ गेले, एम ४, एल ४, एक्सएल ४, डबल एक्सएल १. एकूण १५. आले ३०००, सुटले १०००, आणि तुम्ही धरून बसला होता २०००. उरलेल्या पाच पीसमध्ये एसचे दोन, डबल एक्सएलचे तीन. आणि दुकानात येऊन, डिझाइन पसंत करून, ट्रायल रूमपर्यंत जाऊन पाच बायका रिकाम्या हाताने परत गेल्या त्या वेगळ्याच. माल शिल्लक आहे आणि माल नाही, दोन्ही एकाच वेळी, एकाच डिझाइनमध्ये!

आता होलसेलवाला म्हणतो, ‘आठ सेट उचला, १० टक्के कमी लावतो.’ ४० पीस, ९० च्या भावाने ३६००. गिऱ्हाइकं तेवढीच २०, कारण तुम्ही भाव पाडून घेतला म्हणून दुकानासमोरची वर्दळ वाढत नाही. या वेळी कुणी परत जात नाही, २० च्या २० पीस विकले जातात आणि ४००० येतात. हातात ४००, रॅकवर २० पीस. म्हणजे भाव १० टक्क्यांनी उतरला आणि सुटलेला पैसा १००० वरून ४०० वर आला.

तिसरा सौदा बघा. तुम्ही म्हणता, ‘सेट नको, मला दोन, सहा, सहा, चार, दोन असे द्या.’ तो कुरकुरतो आणि पीसला ११० लावतो. २० पीसचे २२००. विकले गेले १९, आले ३८००, सुटले १६००. महाग घेऊन जास्त सुटले. हे तीन हिशेब एकदा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भावाने मांडून बघा. वाचून पटतं, पण होलसेलच्या गादीवर बसल्यावर, चहा पुढे आल्यावर आणि ‘हा शेवटचा लॉट आहे’ ऐकल्यावर पटलेलं टिकत नाही. मांडलेलं टिकतं.

आणि हे एका डिझाइनचं झालं. हंगामात वीस डिझाइन घेतली आणि प्रत्येकात पाचच पीस अडकले, तरी १०० पीस होतात. सगळे टोकाच्या साइझचे. दुकान भरलेलं दिसतं, पण मधल्या साइझच्या गिऱ्हाइकाला ते रिकामंच असतं.

तुमचं स्वतःचं प्रमाण काय, हे मात्र कुणी दुसरा सांगू शकत नाही. वरचं २-६-७-४-१ मी उदाहरणासाठी घेतलंय, ते उचलून खरेदीला जाऊ नका. एक वही करा. विकलेल्या पिसाची साइझ तर लिहायचीच, पण त्याहून महत्त्वाचा रकाना ‘मागितलं, नव्हतं’ हा. कुणी एल मागितला आणि नव्हता, की लगेच रेघ मारा. नुसती विक्री बघून प्रमाण काढलं तर फसाल. वरच्या पहिल्या सौद्यात एम, एल, एक्सएल तिन्ही चार-चारच विकले गेले. वहीत ती मागणी सारखी दिसेल, प्रत्यक्षात ती ६, ७, ४ होती. सहा आठवडे नेमाने रेघा मारल्या तरी चित्र दिसायला लागतं. दुकान अजून उघडायचंच असेल तर पहिली खरेदी मुद्दाम तोकडी ठेवा, रॅक थोडे रिकामे दिसले तरी चालेल.

प्रमाण प्रकारानुसार वेगळं काढा. अंगाबरोबर बसणारा ड्रेस, घळघळीत टॉप आणि पँट यांचं गणित एक नसतं. घळघळीत टॉपमध्ये एल घालणारी एमही घालून जाते, पँटमध्ये तसं होत नाही.

आणि लेबलवर विश्वास ठेवू नका. एकाचा एम दुसऱ्याचा एल असतो. टेप सोबत न्या. कपडा सपाट पसरा, मुंढ्याच्या (बाही जिथे जोडतात त्या काखेतल्या जोडाच्या) एक इंच खाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ती त्या कपड्याची छाती. वहीत एम-एल ऐवजी हा इंचाचा आकडा लिहिलात तर चार होलसेलवाल्यांचा माल एका मापात येतो. एकाच साइझचे तीन-चार पीस मोजा. अर्ध्या इंचाचा फरक चालतो. एक-दीड इंच निघाला तर कटिंगच ढिसाळ आहे, तो लॉट सोडा.

याच मापाशी जोडलेला दुसरा सापळा म्हणजे कापड आटणं. सुती कपडा आधी आटवलेला नसेल तर पहिल्या धुण्यात ५ टक्के सहज आटू शकतो. ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ४० इंचाचे ५ टक्के म्हणजे २ इंच, आणि साइझ-साइझमधलं अंतर बहुधा २ इंचाचंच असतं. म्हणजे तुम्ही एल विकला आणि धुतल्यावर तो एम झाला. गिऱ्हाईक म्हणणार तुमचा माल हलका, आणि तिचं चूक नाही. म्हणून मोठी ऑर्डर देण्याआधी एक पीस विकत घ्या (फुकट मागू नका, फुकटात मिळणारं सॅम्पल बहुधा निवडून काढलेलं असतं). त्यावर उभे आणि आडवे ५० सेंटिमीटर मोजून धाग्याने खुणा करा, धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. ४८.५ भरलं तर ३ टक्के, ४७.५ भरलं तर ५. उभं आणि आडवं वेगवेगळं आटतं, त्यामुळे दोन्हीकडे मोजल्याशिवाय उपयोग नाही. टी-शर्टमध्ये बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे फिरते का, तेही बघा. ते विणीचं पिळणं असतं, इस्त्रीने जात नाही.

रंगासाठी ओला पांढरा रुमाल घेऊन कपड्यावर दहा वेळा जोर देऊन घासा. गडद लाल, निळा, काळा यांची ही परीक्षा टाळू नका. मग शिवण : दोन्ही बाजूंनी अंगठ्याने ताणून बघा. टाके हसायला लागले किंवा शिवणीशेजारचे धागे सरकले तर घट्ट ड्रेस पहिल्याच समारंभात उसवणार. एका इंचात दहा-बारा टाके ठीक, सात-आठ असतील तर घाईत शिवलंय. रंगाची शेड दिवसाच्या उजेडात, दाराशी नेऊन बघायची. होलसेलच्या गाळ्यातल्या पांढऱ्या ट्यूबखाली सगळंच जुळतं.

आत उलटून माया बघा, बाजूच्या शिवणीला किती कापड सोडलंय ते. एका बाजूला दोन पदर, दोन्ही बाजूंचे मिळून चार. प्रत्येक पदरात पाव इंच जास्तीची माया असली तर कपडा एक इंचाने वाढतो. उरलेला एस कुणाच्या तरी अंगाला लावायचा असेल तर हाच एक इंच कामाला येतो. ओव्हरलॉक मारून माया छाटून टाकलेली असेल तर तो एस एसच राहणार. डबल एक्सएल आत घेता येतो, पण बाजूच्या शिवणीतून दोन इंचांपर्यंतच. त्यापुढे मुंढा आणि खांदा बिघडतो आणि कपडा मागून आणल्यासारखा दिसतो.

इथे गुरूंबद्दल थोडं बोलते. बुटीक कसं चालवावं हे शिकवणारे पैसे घेऊन ‘होलसेलवाल्यांची गुप्त यादी’ देतात. जी यादी पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला मिळते ती गुप्त कशी, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ते पैसे कपड्यांचं अल्टरेशन करणाऱ्या चांगल्या शिंप्यावर खर्च करा. कुठल्या साइझचे कपडे रोज सैल करायला येतात, कुठल्या मालाची काखेत शिवण जाते, हे त्याला तोंडपाठ असतं. बुटीकला याच्याइतका उपयोगी सल्लागार मला तरी माहीत नाही.

घाबरून जाऊ नका. सेट फोडून देत नाही म्हणणारे सगळेच अडून बसत नाहीत, फक्त भाव कमी करायला सांगायच्या आधी बाकीचं मागून बघायचं असतं. पहिली मागणी : सेटचं प्रमाण बदलून द्या, एस एक, एम दोन, एल दोन, एक्सएल एक. अनेकांकडे असे सेट असतात, विचारल्याशिवाय पुढे येत नाहीत. तेही नाही जमलं तर अदलाबदल ठरवा : महिनाभरात न गेलेले पीस, टॅग-पिशवीसकट, दुसऱ्या डिझाइनमधल्या मधल्या साइझशी बदलून. हे बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासन हंगाम संपला की विसरलं जातं. कमीत कमी ऑर्डरचा आकडा गाठायचाच असेल तर तो स्टोल, ओढण्या, फ्री साइझ, इलॅस्टिकच्या पँट अशा साइझ नसलेल्या मालाने भरून काढा. वेगळ्या भागातल्या एखाद्या बुटीकवालीशी मिळून सेट वाटून घेणंही चांगलं चालतं, फक्त तिची गिऱ्हाइकं तुमच्यापेक्षा वेगळ्या अंगाची हवीत. दोघींनाही एमच हवे असतील तर मैत्री जाईल.

पीस खरा कितीला पडला हेही आधी काढा. १०० पीसचं बिल १०,०००, वाहतूक आणि इतर ६००, तीन पीस डागाळलेले आणि परत न घेतलेले. १०,६०० भागिले ९७, म्हणजे १०९. दुप्पट करायची ती या आकड्याची.

किती घ्यायचं याचा साधा हिशेब : महिन्यात विकायचे पीस, अधिक महिनाअखेर दुकानात हवे असलेले, वजा आत्ता असलेले, वजा ऑर्डर दिलेले. ६० अधिक ९०, वजा ११०, वजा १०, म्हणजे ३० घ्यायला मोकळीक. त्या ११० मध्ये तुटक्या सेटचे पीस मोजायचे का? मोजायचेच. ते विकले जाणार नाहीत हे माहीत असल्याने वगळावेसे वाटतात आणि नवीन खरेदीला वाट मिळते. पण पैसा तुमचाच अडकलाय. आधी तो सोडवा.

सोडवायचा म्हणजे हंगाम संपायची वाट न बघता. डिझाइनमधले एम-एल संपले त्याच आठवड्यात उरलेल्यांचा भाव उतरवा. आणि ते डिझाइनच्या जागी टांगू नका. एक दांडा फक्त एसचा, एक डबल एक्सएलचा करा, सगळ्या डिझाइनचे उरलेले त्यावर. टोकाच्या साइझवाल्या गिऱ्हाइकाला बहुतेक दुकानांत दोनच कपडे दाखवले जातात. तिच्यासमोर आख्खा दांडा आला की दोन-तीन पीस एकदम जातात, बऱ्याचदा घासाघीस न करता.

चाललेलं डिझाइन पुन्हा मागवताना फक्त संपलेल्या साइझ मागवा, आणि नवीन लॉट जुन्याशेजारी धरून बघा, रंगवण्याच्या दर घाण्यात शेडचा फरक पडतोच. टॉप आणि पँट जोडीने विकत असाल तर दोन्ही एकाच लॉटचे हवेत. पुरवठादार पुन्हा पूर्ण सेटच देणार असेल तर ते डिझाइन संपू द्या. मागणी कितीही असो.